खाडीकाठची गावे आणि चाटी गल्लीतील पेढी

सोलापूरच्या माणसाला समुद्र तसा परकाच. काळी जमीन, ज्वारी, हुरडा आणि उन्हाळ्यातील पाण्याची चिंता यांत ज्याची हयात गेली, त्याला भरती-ओहोटीचे गणित कोणी शिकवावे? तरीही ज्या सोलापूरकराने हिंदुस्थानच्या जहाजधंद्याला स्वतःचे पाय दिले, तो आपल्याच समाजातील होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. १९१९ साली त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. हे नरोत्तम म्हणजे सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ‘लॉयल्टी’चे पूर्वीचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ते मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे आणि १८९१ पासून व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशा फेऱ्या करणारे. पुढे ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेतले, महायुद्धात त्याचे इस्पितळ झाले आणि अखेर ते वालचंदांच्या हाती आले.

चाटी गल्लीत कापडाची तीन पिढ्यांची पेढी असलेल्या एका कुटुंबात व्हँकुव्हरचे नाव निघाले ते मात्र वेगळ्या कारणाने. थोरल्या बंधूंची मुलगी लग्नानंतर तिकडे गेली. ब्रिटिश कोलंबिया या समुद्रकाठच्या प्रांतातील लहान गावांची छायाचित्रे ती रविवारी पाठवी. लाकडी घरे, धक्क्याला लागलेल्या होड्या, मागे देवदाराचे डोंगर. त्यांत चेमेनस नावाचे गाव वारंवार येई. त्या गावाचे पोट लाकडाच्या गिरणीवर चाले. गिरणी डळमळू लागली तेव्हा, १९८२ साली, गावाने आपल्या जुन्या दिवसांची चित्रे भिंतींवर काढून घ्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी गिरणी बंद झाली. पण चित्रे वाढत चाळीसांच्या पुढे गेली आणि ती पाहायला माणसे येऊ लागली. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. चित्रे काढण्याची कल्पना मात्र आपल्याकडे कोणाला सुचली नाही.

घरात त्या सुमारास एक प्रश्न अडून बसला होता. ठोक व्यापार गल्लीतून बाहेर चालला होता. गाडी आत येत नाही, माल उतरवायला जागा नाही, ग्राहक फोनवरच भाव विचारतो. धाकट्या बंधूंचे आणि पुतण्याचे म्हणणे होते, जागा विकावी आणि शहराबाहेर गोदाम घ्यावे. थोरल्यांनी त्यावर दिवाळीपासून मौन धरले होते. वहीपूजनाच्या दिवशीही दोघे भाऊ एकमेकांशी जरुरीपुरतेच बोलले. एकत्र कुटुंबात भांडण परवडते, कारण ते संपते. मौन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. शेवटी वहिनींनी मार्ग काढला. “कॅनडाचे पुढे बघू. धनुर्मासात लग्ने नसतात, पेढीवर काम नसते. चार दिवस आपल्याच कोकणातली गावे पाहून येऊ. दोघेही चला.”

चातुर्मास संपला होता, त्यामुळे प्रवासाला अडचण नव्हती. मिरजमार्गे पहिला मुक्काम कुंभोजजवळच्या बाहुबलीला झाला. २८ फुटी मूर्तीचे दर्शन, धर्मशाळेतील निवांत रात्र, भोजनशाळेतील वेळेवरचे जेवण. इथवर सारे ओळखीचे. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर सोडून गगनबावड्याचा घाट उतरल्यावर मातीचा रंग बदलला आणि वैभववाडी, तळेरे करीत गाडी खारेपाटणला आली.

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना खारेपाटण म्हणजे चहाचा थांबा. पण नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर वेगळेच गाव भेटते. ही नदी पुढे वाघोटणची खाडी होऊन विजयदुर्गाशी समुद्राला मिळते. एके काळी गलबते खाडीतून थेट इथवर येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथवर उतरे. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा रट्टराज शिलाहाराचा ताम्रपट याच गावचा. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण देवालयाला द्यावा, अशी व्यवस्था त्यात आहे. दुसरा ताम्रपट अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यात भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या दोघांना ठाणे, नागपूर, सोपारा व चौल या बंदरांतील जकात माफ केली आहे. हे नागपूर विदर्भातले नव्हे, किनाऱ्यावरचे. चौलचे तेव्हाचे नाव चेमूल्य. पुतण्याला ते ऐकून चेमेनस आठवले आणि गाडीत बऱ्याच दिवसांनी हशा पिकला.

जकातमाफी तांब्यावर कोरून घेणाऱ्या त्या दोघा व्यापाऱ्यांबद्दल थोरल्यांना विलक्षण आपुलकी वाटली. चाळीस वर्षे जकात, विक्रीकर, मग जीएसटी यांच्या खिडक्यांवर ज्याने उभे राहून काढली, त्यालाच त्या पत्र्याची किंमत कळावी. शिलालेखाचे अभ्यासक राजवंश मोजतात. व्यापाऱ्याची नजर प्रथम दरावर जाते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

गावात जुने जिनमंदिर आहे. काळ्या पाषाणाची लहान मूर्ती नदीच्या पात्रात मिळाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. जिथे मंदिर, तिथे कधीकाळी व्यापारी श्रावकांची वस्ती असणार, हे सांगायला ताम्रपट लागत नाही. दर्शन घेऊन वहिनी पायरीवर बराच वेळ बसल्या. धाकटे समोरच्या किराणा दुकानात शिरले होते. त्यांनी दुकानदाराला विचारले, “माल कुठून आणता?”

“कोल्हापूरहून. घाटातून ट्रक येतो.”

“आणि खाडीतून?”

दुकानदार हसला. “खाडीत गाळ आहे, शेठ. माझ्या आजोबांच्या वेळेपासून.”

धाकटे बाहेर येऊन थोरल्यांना एवढेच म्हणाले, “दादा, बंदर गाळाने भरले. दुकान चालूच आहे.” थोरल्यांनी उत्तर दिले नाही, पण दिवाळीनंतर प्रथमच त्यांनी आपल्या पिशवीतील भडंग धाकट्यापुढे धरली.

राजापूरची गोष्ट याहून नाट्यमय. अर्जुना नदीवरच्या या पेठेत इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात, १६६० साली, तिथल्या इंग्रजांनी तटस्थपणा सोडून सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापुरावर येऊन त्यांना कैद केले. व्यापाऱ्याने आपला तराजू सोडून दुसऱ्याची तोफ हाती घेतली की त्याचे पुढे काय होते, ते या वखारीच्या पडक्या भिंतींत दिसते. विजयदुर्गाचे दुःख वेगळे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे हे बलाढ्य ठाणे १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतले आणि खाडीतले मराठी आरमार जळाले. इंग्रजांना त्या मोहिमेत साथ पेशव्यांची होती. तटावर उभे राहून हे आठवले की समुद्राचा वारा गोड लागत नाही.

खाण्याची चिंता, जी अशा प्रवासात प्रत्येक श्रावक घराला असते, ती अपेक्षेपेक्षा हलकी निघाली. किनाऱ्यावर मासळी वाळत असते. तो वास नाकारता येत नाही आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना नाक मुरडून दाखवणेही शोभत नाही. पण गावातील घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर कांदा-लसणाविना काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे, नारळाचा रस, आमसुलाचे सार असे सुरेख जेवण मिळते. सोलकढीत लसूण असतो, तेवढे आधी विचारावे. एका खानावळीच्या मावशींनी तर स्वतंत्र भांडी काढली आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही सोमवारी असंच असतं, वहिनी. लाजू नका.” चौविहारासाठी वहिनींनी सोलापूरच्या सूर्यास्ताचे कोष्टक बरोबर घेतले होते. कोकण पश्चिमेला, त्यामुळे तिथे सूर्य सुमारे दहा मिनिटे उशिरा मावळतो. वहिनींनी मात्र सोलापूरचीच वेळ पाळली. “दहा मिनिटांसाठी नियम कशाला सैल करायचा?” या प्रश्नापुढे भूगोल निरुत्तर झाला.

शेवटचे दोन दिवस सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याला गेले. सावंतवाडीत मोती तलावाकाठचा राजवाडा, चितार आळीतील लाकडी फळे आणि खेळणी, आणि लाखकामातील गंजिफा. ही पत्त्यांची कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेतली, दरबारात तरुणांना बसवले, म्हणून ती राहिली. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. आज तिथे काजू, आंबा आणि शांत समुद्रकिनारा. बंदरावर चार-सहा होड्या. पुतण्याने राजवाड्यातून गंजिफाची पेटी घेतली आणि धक्क्यावर बसून किमतीचा हिशेब लावू लागला: एका कारागिराचे किती दिवस, रंग किती, विक्री किती. थोरले ऐकत होते.

“गल्लीतली जागा विकली तर पेढीचे नाव कुठे जाणार?” त्यांनी अचानक विचारले.

“गोदामावर, काका. पाटीही जुनीच लावू. आजोबांच्या हाताची.”

“जागेतला पुढचा गाळा ठेवायचा. सहा फुटांचा का होईना. गादी तिथेच राहील. मागचे विका.”

धाकट्यांना हा तोटा दिसत होता. पुढचा गाळा गेल्याशिवाय जागेला खरा भाव येणार नाही, हे कोणताही दलाल सांगेल. त्यांनी तोंड उघडले, वहिनींकडे पाहिले आणि वाळूवरचे शिंपले पुतण्याच्या मुलीला दाखवू लागले.

मार्चअखेर माल मोजून झाल्यावर दलालाला बोलवायचे ठरले आहे. पुढच्या गाळ्याबद्दल भावांचे अजून एकमत नाही. पण आता ते त्यावर जेवताना मोठ्याने वाद घालतात. मुलीचा व्हँकुव्हरहून आग्रह चालूच आहे, जुलैत या म्हणून. जुलैत चातुर्मास लागतो, त्याआधी मे महिन्यात जाऊन यावे असा विचार आहे. थोरल्यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला आहे.