नायलॉनची साडी

दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर धरलं की वितळतं, चिमटीत दाबलं की गाठ पक्की. डहाणूजवळच्या गावात राहणाऱ्या त्या निवृत्त चित्रकला शिक्षिकेच्या बोटांना हे इतकं सवयीचं झालंय की एकीकडे रेडिओ चालू असतो. भरतीनं टाकलेली फाटकी जाळी गोळा करायची, घासून धुवायची आणि त्यांतून शेले, गळपट्टे, टोप करायचे, हा त्यांचा उद्योग. हिरव्या दोऱ्याचा वास मेणासारखाच येतो, ते पॉलिथिलीन. परवा एका बारीक, पांढऱ्या जाळ्याचं टोक धरलं आणि जळक्या केसांसारखा वास आला. नायलॉन. बाईंनी मेणबत्ती विझवली, रेडिओही बंद केला.

त्या वासानं त्यांना आईची नायलॉनची साडी आठवली. ती मोतिया रंगाची होती, निळ्या फुलांची. मामानं मुंबईहून आणलेली. इस्त्री नको, दोरीवर टाकली की तासाभरात कोरडी, त्यामुळे आळीत तिचा भाव वधारलेला. एका संध्याकाळी स्टोव्ह भडकला आणि पदर आक्रसत गेला. आईनं तो चुरगाळून विझवला. चार आण्याएवढं भोक पडलं, भोवती टणक काळी कड. पुढच्या हळदीकुंकवाला त्या जागी कापडाचं निळं फूल टाचलेलं होतं. बायकांनी नक्षीचं कौतुक केलं आणि आईनं ते ऐकून घेतलं.

 

प्लॅस्टिकनं नटण्याची सुरुवात हस्तिदंतापाशी होते. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत; त्याला पर्याय शोधताना जॉन वेस्ली हायट यांनी 1869च्या सुमारास सेल्युलॉइड वापरात आणलं. मग त्याचे कंगवे निघाले. तोवर उंची कंगवे कासवाच्या पाठीच्या कवचाचे होत. हत्ती आणि कासवं वाचवणारा पदार्थ म्हणून ह्या नव्या मालाची जाहिरातही झाली. पुढे 1935 साली वॉलेस कॅरोदर्स यांनी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार केलं, 1940च्या मे महिन्यात त्याचे पायमोजे दुकानांत आले आणि अमेरिकी बायकांनी रांगा लावल्या. कासवाला सुखरूप सोडून माणूस प्लॅस्टिकनं नटायला लागला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

डहाणूत वनखात्याचं कासव उपचार केंद्र आहे. बाई तिथे अधूनमधून जातात. जाळ्यात गुरफटलेलं ऑलिव्ह रिडले सुटायला धडपडतं तसा दोरा पुढच्या वल्ह्यात रुतत जातो, रक्त थांबतं, मांस सडतं. कधी ते वल्हं कापावंच लागतं. सुताचं जाळं झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून जपावं लागे, आणि तरी ते कुजे. नायलॉन कुजत नाही. शिवाय ते पाण्याहून जड. पॉलिथिलीन तरंगत किनाऱ्याला लागतं, तर बोये तुटलेलं नायलॉनचं जाळं खाली खडकांना अडकून मासे धरत राहतं. म्हणजे बाईंच्या हाती लागतो तो बराचसा तरंगणारा माल.

अंगावर घालायची कला त्यांना सुचली ती बाहेरची कामं पाहून. मरीना डेब्रिस या नावानं काम करणारी कलाकार किनाऱ्यावरच्या कचऱ्याचे पोशाख करते. टोरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलाकार बेवारस जाळ्यांतून कासवं, मासे घडवतात. बाईंचा हट्ट एवढाच की शेला टोचला पाहिजे. एका प्रदर्शनात त्यांचा शेला बाटल्यांच्या पेनस्टँडशेजारी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या पाटीखाली मांडला, वर संयोजकानं अत्तर फवारलं. पुन्हा तिकडे त्या फिरकल्या नाहीत.

पण समुद्रातल्या जाळ्यांसाठी कोळ्यांना दोष दिला की त्या चिडतात. चांगलं जाळं हौसेनं कोण टाकतं? 2018च्या डिसेंबरपासून, संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी फोटो काढावा लागतो. हेलकावणाऱ्या होडीत एकानं कासव धरायचं, दुसऱ्यानं सुरी चालवायची आणि तिसऱ्यानं मोबाइल. हे चित्र काढायचं त्यांच्या मनात बरेच दिवस आहे.

परवाचं पांढरं जाळं त्यांनी गळ्याशी बोये ठेवून शिवायला घेतलं. मासळीवाली मावशी पाटी उतरवून टेकली, तिनं आसात बोटं घालून पाहिली. “बाय, हे सुरमयचं जालं. आमच्याकडचं नाय,” ती म्हणाली. शेला खांद्यावर घेतला, आरशात पाहिलं, हसली. मग बोये दाबून बघत म्हणाली, “हे चांगले हायेत. पोराला लागतील.”

बाईंनी कात्री आणली. सगळे बोये काढून दिले. आता गळ्याची बाजू नव्यानं आखावी लागणार आहे.