अण्णांची अँबॅसडर आणि श्यामला हिल्सचा चढ

भोपाळात गाडी शिकायची म्हणजे चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायला शिकायचं. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स. आपल्या गावात सपाट रस्ता तसा कमीच. अण्णांनी मला हे त्यांच्या १९९४ च्या अँबॅसडरवर शिकवलं. अण्णांनंतर ती गाडी माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात मात्र ती विकायची वेळ आली होती.

झालं असं, की भारत भवनातला कार्यक्रम आटोपून आम्ही निघालो. मागच्या सीटवर आई, आत्या आणि सौ. ओल्या चढावर पुढची गाडी थांबली, म्हणून मीही थांबलो. पुन्हा निघताना क्लच सोडला आणि मागून थड-थड-थड आवाज सुरू झाला. चाकं रस्ता धरेनात, जागच्या जागी उड्या मारू लागली आणि गाडी मागे घसरली. मागे एक स्कूटरवाला होता, त्याच्या पुढ्यात लहान मुलगा उभा. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर उरलं होतं.

आई घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "ह्यांची आठवण ठेवायला गाडीच लागते असं नाही रे." पुण्याहून दादाचा फोन आला, "विकून टाक."

आमची लेक मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, विकायच्या आधी आठ दिवस दे."

तिने प्लास्टिकची फूटपट्टी आणली, दोन्ही टोकं मला धरायला लावली आणि मधोमध पकडून पिळली. पट्टी एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली वाकली. सोडली तशी ताडकन सरळ झाली. "हेच होतंय," ती म्हणाली. अँबॅसडरचा मागचा ॲक्सल दोन बाजूंच्या पोलादी पाट्यांवर बसवलेला असतो. इंजिन चाकांना पुढे फिरवतं, तेव्हा ॲक्सलचं घर उलट फिरू पाहतं. त्याला आवरायला पाट्यांशिवाय दुसरं काही नसतं. जोर वाढला की पाटा पिळतो, सुटतो, परत पिळतो, आणि चाक उड्या मारतं.

हे दुखणं अँबॅसडरपुरतं नाही. अमेरिकेतल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार म्हणजे मोठं इंजिन आणि मागे बहुधा साधे पाटे. १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोला मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा होता आणि जोरात निघताना तिची चाकं अशीच उडायची. १९६८ च्या मॉडेलमध्ये कंपनीने मागचा एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला. क्रायस्लरने पाट्याचा ॲक्सलपुढचा भाग आखूड आणि ताठ ठेवला. हौशी मंडळी पाट्याखाली ट्रॅक्शन बार लावतात. त्याच्या पुढच्या टोकाला रबर असतं. पाटा पिळू लागला की ते रबर पाट्याच्या पुढच्या टोकाला टेकतं आणि पीळ तिथेच थांबतो. ब्रिटिश एमजीबी ही तर आपल्या जुन्या अँबॅसडरची नात्यातलीच, दोघींची इंजिनं बी-सिरीजची. तिच्यासाठी याच कामाचे अँटी-ट्रॅम्प बार मिळतात.

लेकीने ट्रॅक्शन बारचं चित्रही काढलं. ते घेऊन आम्ही जहांगीराबादच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. चाचांनी चित्र पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "को खाँ, नया माल बाद में लगाना, पहले कमानी तो देख लो." आपण पाटे म्हणतो, त्यांना इथे कमानी म्हणतात.

चाचा गाडीखाली गेले. ॲक्सलला पाट्यांशी आवळणारे यू-बोल्ट ढिले निघाले. पाट्याच्या पुढच्या बुशचं रबर झिजून गेलं होतं. एका शॉकमधलं तेल गळून गेलं होतं. मागचे दोन टायर दोन कंपन्यांचे आणि दोन्ही जुने.

शिवाय एक जास्तीचा पाटा होता. उन्हाळ्यात नागपूरला लग्नांना जाताना सहा माणसं आणि सामान असायचं, म्हणून अण्णांनी तो घालून घेतला होता. लेक म्हणाली, "ताठ पाटा कमी पिळतो, राहू दे." चाचा म्हणाले, गाडी आता बहुतेक रिकामीच फिरते. मागचा भाग एवढा कडक राहिला तर खड्ड्यावर चाक जमीन सोडणारच. दोघांचंही खरं होतं. निर्णय मला घ्यायचा होता. नागपूरच्या त्या फेऱ्या आता होणार नव्हत्या. मी पाटा काढायला सांगितला. तो आमच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवला आहे.

नवे बुश, नवे यू-बोल्ट, शॉकची जोडी आणि एकसारखे टायर बसवून रविवारी पहाटे आम्ही त्याच चढावर गेलो. लेक रस्त्याच्या कडेला बसून मोबाइलवर मागच्या चाकाचं चित्रण करत होती. दहा वेळा गाडी थांबवली, दहा वेळा उचलली. चाक एकदाही उडालं नाही. ओल्या पानांवर मुद्दाम जोरात क्लच सोडला, तेव्हा एकच चाक जागेवर फिरलं. त्याला ट्रॅक्शन बारचा उपयोग नाही. साध्या डिफरन्शिअलमध्ये एका चाकाची पकड सुटली की तेच गरगरतं आणि दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. तिथे चांगले टायर आणि हलका पाय हेच औषध.

म्हणून ट्रॅक्शन बार आम्ही घेतला नाही. लेक थोडी हिरमुसली. तरुण मंडळींनो, तुमच्या हाती अशी जुनी गाडी आली तर आधी चाक उडतंय की घसरतंय ते बघा, मग झिजलेलं बदला. त्यानंतरही उडालं, तर बार जरूर लावा.

दसऱ्याला आई पुन्हा मागच्या सीटवर बसली. चढावर थांबलो तेव्हा तिने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. गाडी वर पोचली तशी तिने हात सोडला.

"ह्यांच्यापेक्षा हळू चालवतोस," ती म्हणाली.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत तो येतोय, तेव्हा स्टेशनवर आणायला हीच गाडी नेणार आहे.