बाराच्या पाळीतली दोस्ती

अंकुशनगर, ता. अंबड

प्रिय भाचेराव,


वसतिगृहातली खोली बदलू का, असं तू विचारलंस. खोलीतली पोरं अडीच-तीनपर्यंत जागतात, तुलाही झोप येत नाही आणि सकाळच्या तासाला डोळे मिटतात. ताईच्या मते सगळा दोष मोबाइलचा. मला नाही तसं वाटत. आपण झोपल्यावरच खरी मजा सुरू झाली तर, ही धास्ती तुला उशीवर डोकं टेकू देत नाही.

संगतीचं जागरण मला चांगलं ठाऊक आहे. गळीत हंगामात आपला समर्थ साखर कारखाना चोवीस तास चालतो. रात्री बाराच्या पाळीला बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, गव्हाणीचा खडखडाट आणि लॅबमध्ये मी रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, बघत बसलेला. पहाटे तीनला माणूस जे बोलतो ते दिवसा बोलत नाही. सोसायटीचं कर्ज, पोरीचं स्थळ, भावाशी धरलेला अबोला, सगळं बाहेर पडतं. माझे जिवाभावाचे दोस्त याच पाळीतले. उलट दिवसपाळीच्या शेजाऱ्याची आणि माझी भिंत एक, पण हंगामभर धड भेट नाही. म्हणजे मित्रांमुळे झोप बिघडते हे अर्धंच झालं. आपण कोणत्या वेळी जागे असतो, त्यावर आपले मित्रही ठरतात. म्हणून 'बदल खोली' असं मला पटकन म्हणवत नाही.

शिवाय तुझं वयही त्या पोरांच्या बाजूचं. म्युनिकच्या तिल रोनेनबर्ग यांनी २००४ साली दाखवलं की झोपेची वेळ वाढत्या वयाबरोबर उशिरा सरकत जाते आणि विशीच्या आसपास मागे फिरते. मुलग्यांमध्ये तर एकविशीच्या जवळ. तेव्हा दहाला झोप म्हणून तुला दटावण्यात अर्थ नाही.

मात्र झोपमोड पसरते, हेही खरं. सारा मेडनिक, निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांची मैत्रीची जाळी तपासली. मित्र सात तास किंवा त्याहून कमी झोपत असेल, तर आपणही तेवढंच झोपण्याची शक्यता ११ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना २०१० साली आढळलं. ती मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जाणारी होती. तुमच्या तर खाटेला खाट!

मला जास्त लागलं ते दुसरंच. बर्कलीच्या एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर यांनी २०१८ साली काही तरुणांना रात्रभर जागवलं. दुसऱ्या दिवशी समोरून माणूस चालत आला की ते त्याला नेहमीपेक्षा लांबच थांबवायचे. अनोळखी लोकांनी त्यांचे व्हिडिओ पाहिले, तर त्यांनाही ही माणसं एकाकी वाटली. आता बघ, तू जागतोस दोस्तीसाठी, आणि गेल्या महिन्यात त्याच दोस्ताशी बादलीवरून भांडलास. ते भांडण बादलीचं होतं असं तुला अजून वाटतं का?

आमच्याकडे सकाळी आठला रिलीव्हर येतो, अख्खी पाळी एकदम घरी जाऊन झोपते. तुमच्या जागरणाला रिलीव्हरच नाही. आठला उलट तास सुरू होतो. म्हणून एकट्याने कान झाकून झोपायचा निश्चय करू नकोस, तो दोन दिवसही टिकणार नाही. आधी खोलीत दुसरा कंटाळलेला शोध. असतोच एखादा, फक्त भित्रा ठरायच्या भीतीने गप्प असतो. दोघांनी मिळून बोला: आठवडाभर साडेबाराला दिवा बंद, ज्याला जागायचं त्याने अभ्यासिकेत जावं. शनिवारची रात्र मात्र मोकळी ठेवा, आणि त्या रात्री तू आधी झोपू नकोस. यावर कोणीच तयार झालं नाही, तर मग खोली बदल.

ताईला यातलं मी काही सांगत नाही. ती फक्त जेवतोस का एवढंच विचारतेय, ते तिला परस्पर कळव. या आठवड्यात माझी बाराची पाळी आहे, तेव्हा दुपारी चारच्या आत फोन करू नकोस.

तुझा,
मामा