मयताला जाऊ दिलं का?

भाताची लावणी संपली की कातकरी वाडीवर हाताला काम उरत नाही. रेशनचं धान्य संपत आलेलं असतं, गणपती तोंडावर असतात, घरात कुणीतरी तापाने पडलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि बयाणा देऊन जातो. पाच हजार, दहा हजार, कधी त्याहून जास्त. कागद नाही, पावती नाही. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि नवरा, बायको, पोरं, भांडी, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड भिवंडीकडे, वाड्याकडे, पनवेलकडे कुठल्यातरी भट्टीवर उतरतं. पावसाचे ढग दिसेपर्यंत मुक्काम तिथेच.

भट्टीवर जोडी मोजतात. नवरा चिखल तुडवतो, विटा पाडतो. बायको माती वाहते, विटा रचते, मध्येच उठून भाकऱ्या भाजते. पोरं सुकत घातलेल्या विटा पलटत राहतात. मजुरी हजार विटांमागे. बाजाराच्या दिवशी शेठ खर्ची देतो, तेवढ्यात तेल, मीठ, तांदूळ आणि सुकी मासळी बसवायची. बाकीचा हिशोब हंगामाच्या शेवटी, शेठच्या वहीतून. फुटलेल्या विटा वजा, अवकाळी पावसात भिजलेल्या वजा, आजारपणात दिलेले पैसे वजा. मग अंगावर बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षावर जाते. त्या वहीत बाईचं नाव कुठेच नसतं.

ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातल्या अशा कुटुंबांसोबत मी काम करते. त्यांचे जबाब लिहिले जाताना शेजारी बसणं, मुक्ततेच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणं आणि दाखला मिळाल्यावर पुढच्या पावसाळ्यात ती माणसं पुन्हा बयाणा घेणार नाहीत यासाठी धडपडणं, हे ते काम. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याकडे लगेच कामाठीपुरा आठवतो, रेल्वे स्टेशनवर सापडलेली परराज्यातली मुलगी आठवते. ते खरंच आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने 2011 मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यात माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्याला शोषणासाठी नेणं हीसुद्धा तस्करीच मानली आहे. गणपतीच्या तोंडावर रिकाम्या डब्यासमोर ठेवलेला बयाणा या व्याख्येत नेमका बसतो.

कायद्याची आपल्याकडे वाण नाही. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा. त्यानुसार वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते आणि कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं ही वेठच आहे आणि भुकेपोटी आलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या, फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. मजूर सक्तीने राबतोय असं दिसलं, तर त्यामागे उचल आहे असंच गृहीत धरावं, असं त्या निकालात म्हटलं आहे. इतकं सगळं लिहून ठेवलेलं असताना कचेरीच्या टेबलावर प्रकरण फसतं ते एकाच ठिकाणी. जबाबात.

एका तहसील कचेरीतला जबाब मला कायमचा लक्षात राहिला आहे. भट्टीवरून आणलेली जोडी समोर उभी होती. बाई तरुण, कडेवर लहान मूल. साहेब वाईट नव्हते. त्यांना ठाऊक असलेले प्रश्न त्यांनी विचारले. बांधून ठेवत होते का? नाही. मारलं का? नाही. कुलूप लावत होते का? नाही. शेठ कसा आहे? चांगला आहे. बाहेर व्हरांड्यात शेठचा माणूस उभा होता आणि दार उघडं होतं. आणखी दोन ओळी लिहून झाल्या असत्या तर ‘राजीखुशीने काम करीत होतो’ एवढ्यावर ते प्रकरण मिटलं असतं.

आमच्यासोबत एक मावशी आल्या होत्या. त्या स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका भट्टीवरून सुटलेल्या. त्यांचं नाव इथे देत नाही, वाडीवर सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांनी आधी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, मी इचारू एक?” साहेबांनी मान हलवली. मावशी त्या पोरीजवळ जाऊन बसल्या. “बाय, तुझा बा गेला तवा मयताला जाऊ दिलं का?”

ती पोरगी बराच वेळ गप्प राहिली. मग एकेक बाहेर येऊ लागलं. निरोप सकाळी आला. शेठ म्हणाला, एकटीने जा, नवरा आणि पोरं इथेच राहतील. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवस घालायलाही थांबता आलं नाही, कारण मागे पोरं होती. परत आल्यावर वहीत खाडा लागला होता. साहेबांनी आधीचा कागद बाजूला ठेवला आणि जबाब पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला घेतला.

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचे आणखीही प्रश्न आहेत. रेशनकार्ड कुणाजवळ आहे? शिमग्याला घरी जाताना कुणाला मागे ठेवावं लागतं? पलीकडच्या भट्टीवर दर जास्त मिळाला तर जाशील का? पोर आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे कोण ठरवतं? आता कायद्यात वेठबिगाराची ओळख काय सांगितली आहे ते पाहा. हवं तिथे काम करण्याचं स्वातंत्र्य गमावलेला, देशात मोकळेपणी फिरण्याचा हक्क गमावलेला, आपल्या श्रमाचं मोल बाजारभावाने मिळवण्याचा हक्क गमावलेला माणूस. मावशींचा एकेक प्रश्न त्यातल्या एकेका कलमावर जाऊन पोचतो. हे ज्ञान भट्टीवर राबून आलेलं आहे, प्रशिक्षण वर्गात ते मिळत नाही. सुटून आलेल्या माणसांना आपण ‘पीडित’ म्हणून खुर्चीवर बसवतो, त्यांची कहाणी ऐकतो, हळहळतो. त्यांच्याकडून शिकायचं मात्र राहून जातं.

सुटकेच्या दिवशीही हेच दिसतं. पोलिसांची गाडी येते, तहसीलदार येतात, पत्रकार येतात. मजुरांना भराभर गाडीत बसवलं जातं. कॅमेरे समोर आले की बाया पदर तोंडावर ओढतात, तरी फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात ते सगळ्यांना दिसतात. अशा वेळी बायांना सगळ्यात जास्त काळजी असते ती भांड्यांची, कोंबड्यांची, झोपडीत खोचून ठेवलेल्या आधारकार्डाची. हे बोलून दाखवलं की कुणीतरी म्हणतं, आता सुटलात ना, भांड्यांचं काय घेऊन बसलात! पण वाडीवर पोचल्यावर तांदूळ शिजवायचे ते कशात? म्हणून आम्ही आता आधी बायांनाच विचारतो, झोपडीत काय काय आहे. ते पंचनाम्यात लिहून घ्यायला लावतो आणि सोबत नेल्याशिवाय गाडी हलू देत नाही. फोटोलाही त्यांची परवानगी असेल तरच.

पैशांची गोष्ट जास्त गंभीर आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला 1 लाख, स्त्रियांना आणि मुलांना 2 लाख आणि लैंगिक शोषण, तस्करी अशा अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीची मदत आधी 20 हजारांपर्यंत होती, 2022 मध्ये ती 30 हजारांपर्यंत वाढवली. पण शेठच्या वहीत नाव नवऱ्याचं, म्हणून जबाब नवऱ्याचा, म्हणून दाखलाही नवऱ्याचा, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पहाटे चारला उठून माती वाहणारी बाई सरकारच्या कागदावर मजूर ठरतच नाही आणि तिच्या हक्काचे 2 लाख तिथेच बुडतात. तिचा जबाब वेगळा, नवऱ्यासमोर नाही आणि मुकादमासमोर तर नाहीच, असा घेतला गेला पाहिजे. मुलांची नावंही दाखल्यावर आली पाहिजेत.

उरलेली मोठी रक्कम मिळते ती बरीचशी खटल्याच्या निकालावर अवलंबून. निकालाला वर्षं लागतात. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, पण जामीनपात्रही आहेत. आरोपी लवकरच गावात फिरू लागतो आणि फिर्याद देणाऱ्या कुटुंबाचा एखादा भाऊ अजून त्याच्याच भट्टीवर असतो. अशा वेळी एखादी बाई म्हणते, मला केस नको, माझं कर्ज मिटवा आणि मला घरी जाऊ द्या. तिच्यावर दबाव आणणं मला मान्य नाही. कर्ज तर कायद्यानेच मिटलेलं आहे, हे तिला सांगायचं. केस केली तर काय होईल, नाही केली तर काय, हेही तिला कळेल अशा भाषेत सांगायचं, आणि ठरवायचं तिने. ज्या बायांना असा वेळ मिळतो, त्या पुढे कोर्टात टिकतात, हा माझा अनुभव आहे.

पुनर्वसनाशिवाय सुटका अपुरी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नीरजा चौधरी खटल्यात 1984 मध्येच बजावलं होतं. ते न झाल्याची किंमत कोण मोजतं ते 2022 मध्ये दिसलं. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली, मेंढपाळाकडे राबायला दिलेली एक लहान मुलगी दगावली. श्रमजीवी संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा नाशिक आणि नगर जिल्ह्यांतून थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर राबायला दिलेली आणखी मुलं समोर आली. आईबापांना दोष देणारे खूप भेटले. त्या आईबापांच्या घरात जातीचा दाखला होता का, रोजगार हमीचं काम कधी निघालं होतं, हे विचारणारे थोडेच.

श्रमजीवी संघटना 1980 च्या दशकात वसई तालुक्यात उभी राहिली तीच सुटलेल्या वेठबिगारांच्या बळावर. तमिळनाडूतही मुक्त झालेल्या मजुरांची स्वतःची संघटना आहे. आपल्या भट्ट्यांवरून सुटलेल्या बाया मात्र अजून सभेत हार घालून घेण्यापुरत्याच बोलावल्या जातात.

1976 च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. कलेक्टर तिचे अध्यक्ष. तिच्यात जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या तिघांसाठी जागा आहेत आणि ती नावं कलेक्टरच ठरवतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा समितीवर असतील, कुणी महसूल खात्यात असतील, कुणी माहिती अधिकाराचा अर्ज करू शकणारे असतील. आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी बसली आणि त्या तीन जागांवर कोण आहे, ते विचारा. भट्टीवरून सुटून आलेली एक तरी बाई तिथे नसेल, तर कलेक्टरांना लेखी अर्ज द्या. मावशींचा अर्ज आम्ही दिला आहे.