नजला, जुकाम आणि अम्मीची उशी

आमच्या मोहल्ल्यात नाकाच्या प्रत्येक तक्रारीला एकच नाव आहे, सर्दी. ती आठवड्यापलीकडे रेंगाळली की तिचं 'सायनस' होतं. खरं तर सायनस हा आजारच नाही. कपाळात, गालांत, नाकाच्या मुळाशी हवेच्या ज्या पोकळ्या असतात त्यांना सायनस म्हणतात आणि त्या सगळ्यांनाच असतात. जुन्या युनानी हकिमांकडे निदान दोन वेगळे शब्द होते. नाकावाटे वाहतं ते जुकाम आणि घशात उतरतो तो नजला. आपण तेवढाही फरक ठेवला नाही.

अम्मीला पंधरा वर्षं 'सायनस' होतं. खेड तालुक्यातलं आमचं घर, चार महिने धो धो पाऊस, भिंतींना ओल. पहाटे फजरच्या वेळी तिच्या शिंका सुरू व्हायच्या, एकामागून एक दहा-बारा. सजद्यात डोकं टेकलं की गालांत आणि कपाळात जड वाटायचं, म्हणून तिने खुर्चीवर बसून नमाज सुरू केली होती. तिला गुडघ्यांचा काही त्रास नाही. ते मला फार लागलं. उशीखाली नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची बाटली, कपाटात अर्ध्या संपलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या, शिवाय मामूंनी कुवेतहून पाठवलेलं ॲक्स ऑइल.

शेवटी चिपळूणला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्याआधी प्रश्नच जास्त विचारले. खाज येते का, नाकाला, डोळ्यांना, टाळूला? ताप येतो का? एका वेळी किती दिवस टिकतं? खाज होती, ताप कधीच नव्हता, आणि दिवसांचा तर हिशेबच नव्हता. "मावशी, ही ॲलर्जी आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर या बाटलीची सवय."

ही तीन प्रश्नांची फूटपट्टी मी तेव्हापासून घरात सगळ्यांना लावतो. साध्या सर्दीला विषाणू कारण असतो. घसा खवखवतो, अंग मोडून येतं, नाक आधी पाण्यासारखं वाहतं, मग घट्ट होतं. आठवडा-दहा दिवसांत ती जाते, खोकला थोडा मागे राहतो. मधल्या दिवसांत शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि लोक लगेच मेडिकलवाल्याकडे धावतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. तेवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. अँटिबायोटिकचा विचार डॉक्टर कधी करतात? दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, किंवा तीन-चार दिवस जोराचा ताप आणि गालात ठणका असेल तर. गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते ना, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगण्यासाठीच असते. ॲलर्जीत मात्र ताप नसतो. खाज असते, पाणी असतं, शिंकांची माळ असते, आणि ठरावीक जागी किंवा ठरावीक ऋतूत ती हटकून येते.

आता त्या बाटलीविषयी. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशी नावं असलेले थेंब नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आक्रसवतात, दोन मिनिटांत नाक उघडतं. पण तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले तर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. अम्मीला वर बीपीही आहे, आणि बीपीवाल्यांनी तर हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. सोडताना पहिला आठवडा वाईट गेला, रात्री ती बसून काढायची.

त्याऐवजी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. 'स्टेरॉइड' ऐकून फुफीने फोनवर थयथयाट केला. पण त्याचा डोस अगदी थोडा असतो आणि काम मुख्यतः नाकातच होतं. तो लगेच दिसत नाही, रोज नेमाने घेतला तर आठवड्या-दोन आठवड्यांत खरा गुण येतो. लोक तीन दिवसांत कंटाळतात आणि "फायदा नाही" म्हणतात. टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारला की हे आपोआप जमतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं अम्मीला पटलं ते वुजूमुळे. दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेणाऱ्याला नवीन काय शिकवायचं! तरी फरक आहे. वुजूचं पाणी पुढच्या भागापर्यंत जातं, हे धुणं आतपर्यंत. म्हणून नळाचं किंवा विहिरीचं पाणी तसंच चालत नाही. मेंदूत शिरणारा एक अमीबा अशाच पाण्यातून नाकावाटे जातो. फार दुर्मीळ, पण बहुतेकदा जीवघेणा. आम्ही अर्धा लिटर पाणी खळखळून उकळतो, कोमट होऊ देतो, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. उरलेलं ओतून टाकायचं, भांडं धुऊन वाळवायचं. वाफेने घटकाभर बरं वाटतं, त्यापलीकडे तिचं फार कौतुक नको. आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवणं बंद करा. भाजल्याच्या किती घटना त्यातूनच होतात. मुलांच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

खरी लढाई मात्र बिछान्याशी होती. धुळीतले कीटक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे माइट्स, दमट उशा-गाद्यांत राहतात आणि त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी होते. आमच्याकडे तर गल्फहून आलेली वाघाच्या चित्राची ती जाड केसाळ ब्लँकेटं, अर्ध्या कोकणच्या घरांत असतात तशी. धुवायला जड, पावसात वाळायचा प्रश्नच नाही. ती बंद पेटीत गेली. अंगावर सुती चादर, दर आठवड्याला चांगल्या गरम पाण्यात. उशीला घट्ट विणीची खोळ. भिंतीवरची बुरशी पुसून तिचा पलंग ओल्या भिंतीपासून हलवला. झाडताना आधी फडकं ओलं करायचं, म्हणजे धूळ उडत नाही.

रमजानमध्ये स्प्रेचा प्रश्न आला. रोज्यात नाकात औषध घ्यावं का यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. तिचा स्प्रे दिवसातून एकदाच असतो, म्हणून डॉक्टरबाईंना विचारून इफ्तारनंतर घ्यायचं ठरलं. वाद मिटला.

शिंका अजून येतात, विशेषतः भात कापणीच्या दिवसांत. पण डोळ्याभोवती सूज, धूसर किंवा दुहेरी दिसणं, मान आखडणं, न थांबणारं डोकं दुखणं, यातलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही हे आता तिलाही पाठ आहे. छातीत शिट्टी वाजली किंवा दम लागला तरी तेच, कारण नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा जोडीने असतात.

जमिनीवरचा सजदा सव्वा महिन्याने परत आला. गुरुवारचं लोबान काही तिने सोडलं नाही. धुराने शिंका वाढतात हे मान्य केलं, पण नाही म्हणाली नाही. आता ऊददाणी पडवीत ठेवते, आतलं दार लावून घेते, आणि लोबान जळून विझेपर्यंत स्वतः परसात जाऊन बसते.