बोलीचे पैसे

गरीब रुग्णाच्या औषधासाठी कुणी गाऊन-नाचून पैसे जमवावेत, हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. मी अमेरिकेत एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. इथल्या अनेक कॉलेजांत विद्यार्थीच मोफत दवाखाना चालवतात. सॅन डिएगोचा १९९७ पासून आहे, ब्राँक्समधला आइन्स्टाइन कॉलेजचा १९९९ पासून. विद्यार्थी तपासतात, प्राध्यापक खातरजमा करतात. दवाखान्याच्या खर्चासाठी काही ठिकाणी वर्षातून एकदा गॅदरिंगसारखा कार्यक्रम होतो. कुणी चेलो वाजवतं, कुणी भरतनाट्यम करतं आणि मधल्या वेळात लिलाव होतो. विकायला वस्तू थोड्याच असतात. एखादे सर्जन टाके घालायला शिकवणार, शरीरशास्त्राच्या बाई चित्रसंग्रहालय हिंडून दाखवणार, कुणी घरी बोलावून बिर्याणी खिलवणार, यांवर बोली लागते.

माझं शिक्षण मुंबईत, महापालिकेच्या रुग्णालयात झालं. तिथे केस पेपर निघाला की तो माणूस आमचा. बाहेरून आणायच्या औषधाला पैसे नसले तर आम्ही नातेवाइकांना सोशल वर्करकडे पाठवायचो आणि पुअर बॉक्स फंडातून काही ना काही सोय व्हायची. तो फंडही देणग्यांचाच. पण देणाऱ्याला रुग्ण दिसत नसे आणि रुग्णाला देणारा. त्यासाठी टाळ्या पडत नसत. उपचार करणं हे शहराचं कर्तव्य, अशी माझी धारणा तिथे घट्ट झाली. कुणाचा सूर किती लागला यावर कुणाचं इन्सुलिन ठरावं, हा विचार मला सहन होत नसे.

मग आमच्या कॉलेजच्या दवाखान्याचे हिशेब तपासण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मत हळूहळू सरकलं.

डॉक्टर फुकट येतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिनसारखी गोळी २००६ पासून मोठ्या दुकानांत महिन्याला ४ डॉलरला मिळते. अडतं ते इन्सुलिनपाशी. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२३ साली त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं होतं. त्याच इन्सुलिनच्या एका नावाजलेल्या प्रकाराच्या कुपीची छापील किंमत २०२३ च्या कपातीपूर्वी अमेरिकेत २७५ डॉलरच्या घरात होती. शिवाय साखर मोजायच्या पट्ट्या, चष्मा, बसभाडं. अनुदानं मिळतात, पण अमुक आजारासाठी, तमुक गटासाठी, कागदपत्रांसह.

आमच्याकडे येणाऱ्या अनेकांकडे नेमके कागदच नसतात, अगदी अमेरिकेत राहण्याच्या परवान्याचेही. २०१० च्या आरोग्य कायद्याने त्यांना सरकारी विमाबाजाराबाहेर ठेवलं. स्वतःचे पूर्ण पैसे मोजूनही बहुतेक राज्यांत तिथला विमा त्यांना घेता येत नाही. १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात त्यांना तपासावं लागतं, जीव स्थिर करावा लागतो. साखर बेसुमार वाढून आलेला माणूस तिथे वाचतो, घरी जातो, आणि इन्सुलिनविना पुन्हा तिथेच येतो. या दोन फेऱ्यांच्या मध्ये उपयोगी पडतात ते लिलावाचे पैसे. ते कुणाचे कागद विचारत नाहीत. त्यातून सोमवारी पट्ट्या घेता येतात, मंगळवारी कुणाचं बसचं तिकीट काढता येतं.

करसवलतीसाठी श्रीमंत बोली लावतात, हा माझा संशयही टिकला नाही. बोली बाजारभावापेक्षा जितकी जास्त, तेवढ्याच रकमेवर सवलत मिळते. आणि जो आपली संध्याकाळ देतो, त्याला त्या वेळेबद्दल काहीच नाही.

आपल्याकडेही पैसा रंगमंचावरून रुग्णापर्यंत पोचलेला आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभं राहिलं त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार होता. त्या पैशाला नाटकाचा वास येतो म्हणून कुणी कमी लेखलं नाही.

आता मी कार्यक्रमाला जातो, बोलीही लावतो. एका मुद्द्यावर मात्र अजून ठाम आहे: शिकवणं विकावं, जेवण विकावं, माणसासोबतची डेट विकू नये. आमच्या विद्यार्थ्यांना हे पटलं. दुसरा आग्रह अजून मान्य व्हायचा आहे. लिलाव सुरू होण्याआधी दोन मिनिटं कुणी तरी व्यासपीठावरून सांगावं, की हे पैसे लागतात ते कायद्याने ही माणसं वगळली म्हणून, आणि तो कायदा बदलता येतो. त्याने रंगाचा बेरंग होईल, असं आयोजक म्हणतात. होणार नाही. ज्या मुलांनी रात्री जागून तालमी केल्या, त्यांना हे ऐकायचंच असतं.