पट्टीखालचा पत्रा

जुन्या मोटारीचे खरे वय रंगावरून कळत नाही. ते कळते पट्टीखाली. दारांवरून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली चकचकीत पट्टी, दिव्यांभोवतीची कडी, डिकीवरील नावाची अक्षरे हा सारा साज बसवण्यासाठी पत्र्याला मुळातच भोके पाडलेली असतात. पावसाचे पाणी आणि रस्त्याची धूळ त्या भोकांशी साचते व गंज आतल्या बाजूने वाढू लागतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत त्याचे काम बरेच पुढे गेलेले असते.

बार्शीतील एका आडत पेढीच्या अंगणात १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी होती. ही मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती तयार होई. १९४४ साली ती कंपनी स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे, त्यामुळे जिल्ह्यातील व्यापाऱ्यांना ही गाडी काहीशी घरचीच वाटे. पेढीच्या अण्णांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून ती घेतली. अण्णा गेले. वहीत मात्र गाडी राहिली. दरवर्षी घसारा वजा होत होत तिची किंमत काही रुपयांवर आली, पण शून्य झाली नाही. घटत्या शिलकेवरील घसाऱ्याची ही एक गंमतच म्हणायची.

अखेर पुण्याच्या एका हौशी गृहस्थांशी सौदा ठरला. रंग नवा करून द्यायचा, एवढीच अट होती. रंगारी मिस्त्री म्हणाला, "शेठ, पट्टीला हात लावू नका. कागद चिकटवतो आणि वरून रंग मारतो." शेठजींच्या मुलालाही ते पटले. "बाबा, पट्टी वाकली तर नवी आणायची कुठून?" त्याची शंका रास्त होती. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटून गेली आहेत.

शेठजी म्हणाले, "माल घेताना आपण पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून भाव करतो का? नळी खुपसून मधला नमुना काढतोच ना? मग देतानाही तसंच."

काम तीन दिवस चालले. प्रथम प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढली. पट्टीच्या टोकाचे बोल्ट आतून नटाने आवळलेले होते, म्हणून दारांचे आतले अस्तर उतरवावे लागले. गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते रात्रभर तसेच ठेवले. घाई केली असती तर बोल्टच तुटले असते. मधला भाग स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेला होता. तेथे पेचकस घालणे हा या कामातला सर्वांत मोठा अविचार. त्याने रंग खरवडतो आणि पत्र्याला खळगा पडतो. मिस्त्रीने बांबूची पातळ चीप तासली, पत्र्यावर कागदी टेप लावली आणि एकेका क्लिपेशी चीप सरकवत पट्टी थोडी थोडी उचलली. एका टोकाला धरून ओढली की अशी पट्टी मुरडते, आणि मुरडलेल्या जागेची रेघ पुढे कितीही ठोकली तरी जात नाही. ओतीव धातूची अक्षरे तर याहून नाजूक. त्यांच्या मागचे खिळे जरा तिरका जोर लागला की मोडतात. निघालेली प्रत्येक वस्तू धान्याच्या नमुन्याच्या पाकिटात गेली. वर शेठजींच्या वळणदार अक्षरात 'डावे मागचे दार, क्लिपा ६' असे लिहिले गेले.

उजवी बाजू निर्दोष निघाली. डाव्या मागच्या दारात मात्र तीन भोकांभोवतीचा पत्रा इतका कुजला होता की बोटाने दाबताच त्याचा भुगा खाली पडला. त्याच जागी, पट्टीच्या रुंदीइतका, फिकट सायीच्या रंगाचा एक पट्टा उघडा पडला. गाडी अनेक वर्षांपूर्वी एकदा पांढरी रंगवली होती. त्या वेळच्या रंगाऱ्यानेही पट्टी न काढता कागदच चिकटवला होता. शेठजींच्या वृद्ध मातोश्री काठी टेकत अंगणात आल्या. त्यांनी त्या पट्ट्यावरून हात फिरवला. "यांनी घेतली तेव्हा हाच रंग होता," एवढेच बोलून त्या आत गेल्या.

त्याच संध्याकाळी कुजलेल्या दाराची छायाचित्रे पुण्याला पाठवली गेली. मुलाने एकदा सुचवून पाहिले, की नवा तुकडा जोडून घेऊ आणि मग कळवू. शेठजींनी फोन त्याच्याच हातात दिला. गृहस्थांनी सारे ऐकून घेतले, किंमत काही हजारांनी उतरवली आणि गाडी मूळच्या सायीच्या रंगात मिळेल का, असे विचारले. मुलाने नवा आकडा चिठ्ठीवर लिहून वडिलांपुढे सरकवला. बोलला काही नाही.

सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला गेला, आतून गंजरोधक रंगाचे दोन हात बसले. काढताना सहापैकी दोन क्लिपा तुटल्या होत्या. जुन्या बाजारात त्या मिळेपर्यंत डाव्या दाराची पट्टी कापडात गुंडाळून, पाकिटासह, डिकीत ठेवण्यात आली आणि सौद्याच्या कागदावर तशी नोंद झाली.